टिकलीखालचा दिवा

गाडीत दिवा पेटला तर त्याच्यावर टिकली चिकटवायची नसते, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी माहीत नव्हतं. आता कबूल करायला हरकत नाही. ज्यांनी रागवायचं ते आता नाहीत, आणि ती जीप तर त्यांच्याही आधी भंगारात गेली.

लग्नाला सहा महिने झाले होते. ह्यांच्या साहेबांची जुनी जीप मागून आम्ही पुण्याहून पनवेलला निघालो होतो. त्या जीपचे काटे आणि दिवे मधोमध असत, म्हणजे निम्मे माझ्या वाट्याचे. घाट उतरून खोपोली मागे टाकली आणि माझ्या वाट्याला एक तांबडा ठिपका पेटला. हे रस्त्याकडे बघत होते. मला तो ठिपका डोळ्यांत खुपायला लागला, शिवाय नव्या संसारात असं लाल काही पेटलेलं बरं दिसेना. मी कपाळाची टिकली काढली आणि त्यावर चिकटवली. मरून रंगाची, चांगली रुपयाएवढी. अगदी चपखल बसली. मी थोडा वेळ माझ्याच हुशारीकडे कौतुकाने बघत बसले.

लोधिवलीपाशी इंजिनाने माळ्यावरची भांडी कोसळावीत तसा आवाज केला आणि जीप थांबली, ती कायमचीच. इंजिनातलं ऑइल संपलं होतं, आणि तो दिवा तेच सांगत होता. ह्यांनी टिकली नखाने सोडवली, उजेडात धरून पाहिली, माझ्या कपाळावर परत लावली, जरा तिरकीच, आणि ट्रक थांबवायला रस्त्यावर गेले. त्या विषयावर अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी एक शब्द काढला नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी केव्हाच विसरून गेले असते.

ती चोवीस वर्षांची बाई आज भेटली तर मी तिला गाडीत पुढच्या सीटवर बसू देणार नाही.

हे सगळं आठवायचं कारण, परवा संक्रांत झाल्यावर मला पुन्हा त्याच रस्त्याला जावं लागलं. माझ्या सुनेला, केतकीला, रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. राहायची सोय माझ्या नणंदेकडे, कर्जतजवळ कडावला. तिथून रोज गाडीने जायचं आणि शनिवारी नाशिकला घरी यायचं, असा बेत. त्याआधी रस्ता बघून यावा म्हणून आम्ही दोघी निघालो. नातवंडं आणि त्यांचा बाप घरी राहिले.

बेतात एकच अडचण होती, ती म्हणजे गाडी. आमची गाडी सात जणांची, उंच, घरातल्या सगळ्यांना सामावून घेणारी. गेले दोन महिने तिला एक खोड लागली होती. मधेच दोन पिवळे दिवे पेटायचे. एकात स्टिअरिंगचं चाक आणि उद्गारचिन्ह, दुसऱ्यात एक गाडी आणि तिच्यामागे दोन वळवळते साप. हे साप म्हणजे गाडी घसरू लागली तर तिला सावरणारी यंत्रणा, असं केतकीने मला समजावलं होतं. दिवे पेटले की स्टिअरिंग दगड होतं. गाडी बंद करून परत सुरू केली की सगळं जिथल्या तिथे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने दोनदा मशीन लावून पाहिलं, गाडी धुऊन दिली आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं.

गंमत अशी की हे सगळं केतकी चालवत असतानाच व्हायचं. माझा मुलगा समीर गाडी घेऊन हायवेला लागला की तिला काही होत नसे. त्याने निदान करून टाकलं: "गाडी ठीक आहे, केतकी घाबरते." ती वहीत नोंदी ठेवायची, त्यावरही तो हसला. आणि निघताना म्हणाला, "ह्या फेरीत परत असं काही झालं ना, तर रोजच्या ड्रायव्हिंगचा विचारच सोडू. नोकऱ्या नाशिकमध्येही मिळतात."

केतकीने आरसा नीट केला आणि गाडी बाहेर काढली. मी मात्र नाशिक सोडायच्या आत तिला तीनदा सांगितलं, "अगं, तू चाक फार घट्ट धरतेस, म्हणून जड लागतं." मला गाडी चालवता येत नाही, हे इथे नमूद करून ठेवते.

कसारा घाट गाडीने शहाण्यासारखा उतरला. शहापूर, मुरबाड, म्हसा. रस्त्याकडेला भात काढून झालेली रिकामी खाचरं आणि त्यांच्या ओलीवर वाल पेरलेले. डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत बरोबर चालत होती. केतकीने एसी लावला होता, कारण पुढच्या डंपरची धूळ आत येत होती. मी नाशिकची द्राक्षं खात होते आणि देठ खिडकीबाहेर टाकता येत नाहीत म्हणून कुरकुरत होते.

कशेळ्याच्या अलीकडे एका वळणावर टेंपो उभा होता. केतकीने वेग कमी करून त्याला वळसा घातला आणि दोन्ही दिवे पेटले. वळसा पुरा होईना. गाडी जशी वळली होती तशीच संथपणे एका बांधाकडे निघाली. केतकीने ब्रेक दाबला. बांधाला नाक लावून आम्ही थांबलो. बांधावर एक बाई वालाच्या शेंगा तोडत होती. ती जागची हलली नाही.

"काय गं बाय, शेंगा पायजेत तर उतरून मागायच्या. गाडी घालायची कशाला?"

"मावशी, स्टिअरिंग अडकलं," केतकी म्हणाली.

"नवी हाय का शिकायला?"

"बारा वर्षं चालवतेय."

"मग गाडी नवी आसंल," बाई म्हणाली आणि ओंजळभर शेंगा खिडकीतून आत टाकल्या. "घ्या. घाबरलाव तुमी."

केतकीने गाडी बंद केली, सुरू केली. दिवे गेले. तिने वही काढून लिहिलं. मी डोकावून पाहिलं: वळण, वेग कमी, एसी चालू, हेडलाइट चालू. वर अशाच दहा नोंदी होत्या. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. "तरी मी म्हणत होते, घट्ट धरू नकोस," एवढं मात्र मी म्हणाले. चौथ्यांदा.

कडावला माझी नणंद मालू अंगणात उभीच होती. ती वयाने माझ्याहून लहान, पण चाळीस वर्षं ह्या मातीत राहून आवाजाने मोठी झाली आहे. तिने आमच्यासाठी संध्याकाळी पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, वर-खाली भांबुर्डा (शेताकडेला उगवणारा एक वासाचा पाला) दाबायचा आणि मडकं उपडं करून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. शेंगा आपल्याच घामात शिजतात. मडकं उघडलं की जो वास येतो त्याचं वर्णन करायला मी बसले तर प्रवास इथेच संपेल.

"वहिनी, तू पुढं बसून काय करतेस गं?" मालूने शेंग सोलत विचारलं.

"रस्ता बघते."

"दादा सांगायचा, तू पुढं बसलीस की गाडीला धाप लागते."

मी दचकले. "अजून काय सांगायचा?"

"आनि काय नाय," मालू म्हणाली, आणि तिचं तोंड शेंगांनी भरलं होतं की हसण्याने, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन आम्ही रसायनीला निघालो. कर्जत गावातून उल्हास नदी ओलांडली आणि चौकच्या रस्त्याला लागलो. ह्या रस्त्याला वळणं पुष्कळ. फार्महाऊसच्या पाट्या त्याहून पुष्कळ. समोर प्रबळगडाचा सपाट माथा कधी उजवीकडे, कधी डावीकडे जात होता. केतकी गप्प होती. मीही, कारण माझी सूचना देऊन संपली होती.

चौकला कर्जतचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे हायवेला मिळतो. तिथे वळायचं होतं. केतकीने दोन्ही बाजू पाहिल्या, एक लांबलचक ट्रेलर अजून बराच दूर होता, तिने गाडी बाहेर काढली आणि चाक फिरवायला घेतलं. निम्म्या वळणात दिवे पेटले.

गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी. ट्रेलर आता दूर नव्हता. त्याने भोंगा वाजवला तो थांबवलाच नाही.

"आई, ओढा!" केतकी ओरडली.

मी दोन्ही हातांनी चाकाला धरलं आणि ओढलं. मी जात्यावर दळलेली बाई आहे. लहानपणी आजोळी पहाटे उठवून बसवायचे. पण त्या जात्याला निदान फिरायची इच्छा असायची. ह्या चाकाला नव्हती. माझ्या दोन बांगड्या फुटल्या. केतकी उजवीकडून, मी डावीकडून, असं करत आम्ही गाडी इंचाइंचाने वळवली आणि पलीकडच्या मातीत घातली. ट्रेलर मागून गेला तेव्हा आमची अख्खी गाडी हलली.

केतकी गाडी बंद करून डावा दंड चोळत बसली.

"घट्ट धरलं म्हणून नाही गं," मी म्हणाले.

"नाही ना?"

"नाही."

ती रडली, थोडंसंच. मग वही काढून बारावी नोंद लिहिली. शेवटी "आईंनी स्वतः ओढून पाहिलं" असंही लिहिलं. साक्षीदार म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच माझं नाव कागदावर आलं.

समोर एका बाईची चहाची टपरी होती. चहा देता देता तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "कंपनीत नका जाऊ. खालापूरकडं जावा. गौतम म्हनून हाय, बॅटरीचं दुकान. वायरिंगमदी त्याच्यासारखा माणूस नाय. सावकाश जावा, आनि एसी बंद ठेवा."

"एसी का?"

"काय म्हाईत? तो सगळ्यांनाच सांगतो."

आम्ही काचा उघड्या टाकून, धूळ खात, वीसच्या वेगाने खालापूरला गेलो. एकदाही दिवा पेटला नाही.

गौतम पन्नाशीचा, बारीक, चष्मा डोक्यावर आणि शोधायचा खिशात. आधी साजगावच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, कारखाना बंद पडल्यावर हे दुकान टाकलं. त्याने गाडीकडे पाहिलंच नाही. आधी केतकीची वही वाचली, सगळी, बोट ठेवून.

"हे कुनी लिवलं?"

"मी," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात आता हसणार हा पण, अशी तयारी होती.

"ताई, अर्धं काम तुमीच केलंय. बघा की, बाराच्या बारा वेळा वळण, वेग कमी आनि एसी चालू. सरळ रस्त्याला एकदा पन नाय. ह्या गाडीचं स्टिअरिंग विजेवर चालतं. जागच्या जागी वळवताना ते लई करंट मागतं. त्यात एसी, दिवे. तवा करंट पुरत नाय, मग त्याचा कॉम्प्युटर म्हनतो, मी मदत करनार नाय, तुमी तुमचं बघा."

"पण बॅटरी तर नवी आहे. सर्व्हिस सेंटरला दाखवली."

"बॅटरी चांगलीच आसंल. बोल्ट कोन बघतो?"

समीरच्या हातात गाडीला काही होत नसे, कारण समीर हायवेला सरळ जायचा. भाजीबाजारातली, शाळेपुढची, पार्किंगमधली वळणं सगळी केतकीच्या वाट्याला. इतकं साधं होतं ते.

गौतमने बॉनेट उघडलं, मीटरची एक तार बॅटरीला आणि दुसरी गाडीच्या अंगाला लावली आणि केतकीला एसी लावून चाक पूर्ण फिरवायला सांगितलं. आकडा उडी मारून वर गेला. मग त्याने जाड वायरचा एक तुकडा बॅटरीपासून इंजिनाच्या लोखंडाला धरला. "आता फिरवा." चाक लोण्यासारखं फिरलं. वायर काढली, फिरवायला सांगितलं. पिवळे दिवे पेटले. परत लावून गाडी चालू-बंद केली. गेले. केतकी काचेतून हे बघत होती. गेल्या दोन महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर न दिसलेलं काहीतरी मला तिथे दिसलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कारखान्यातून सोमवारची वेळ विचारत होते. ती बोलत बोलत रस्त्याकडेच्या चिंचेखाली गेली.

गौतमने बॅटरीखालचा बोल्ट सोडवला. काळी वायर जिथे गाडीच्या अंगाला बसवलेली असते तो, करंटची सगळी वाट तिथूनच. त्याच्यावर हिरवट-पांढरं पीठ फुललं होतं आणि त्या पिठात मधूनमधून लाल.

"आजी, हे कुंकू हाय ना?"

मी चष्मा पुसला. "असेल."

"आनि हे चिकट? नारळाचं पानी. दसऱ्याला मी नागपूरला असतो. इकडं तुमी नारळ फोडता. मग संक्रांतीपर्यंत एकेक गाडी माझ्याकडं येती." तो ब्रशने घासू लागला. "लोक टायरला लिंबू ठेवतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात. त्याला काय नाय होत. पन बॉनेट उघडून बॅटरीवर पानी घालनारं कोन आसतं, ते मला अजून कळलेलं नाय."

कळलेलं मला होतं. तीन वर्षांपूर्वी गाडी घरी आली तेव्हा दसऱ्याच्या सकाळी मी समीरला बॉनेट उघडायला लावलं होतं. रंगाची काय पूजा करायची, जे चालतं त्याची करावी, असं मी सगळ्या सोसायटीसमोर म्हणाले होते. बॅटरीला पाच बोटं कुंकवाची, आणि नारळाचं पाणी तांब्याने, हात आखडता न घेता. त्याच्या पुढच्या वर्षी तेच, आणि गेल्या दसऱ्यालाही. शेजारच्या दोन बायकांनी माझं बघून आपापल्या गाड्यांना तसंच केलं. त्या गाड्यांचं काय झालं असेल, हे मी अजून विचारलेलं नाही.

गौतमने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला उत्तर मिळालं.

"नाय सांगत," तो हळूच म्हणाला. "गंजला म्हनतो. लोखंड हाय, गंजतोच."

मला इतकी चपखल टिकली कुणी देऊ केली नव्हती. कुणाचं काही बिघडत नव्हतं. दोष सापडला होता, केतकी सुटली होती, गाडी नीट होत होती. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण चिंचेखाली ती उभी होती आणि बोलता बोलता उजव्या हाताने डावा दंड चोळत होती. येत्या दसऱ्याला मी पुन्हा तांब्या घेऊन उभी राहणार, कुणी अडवणार नाही, आणि संक्रांतीला ही पोरगी एकटी कुठल्या तरी वळणावर असणार. बाजूला ओढायला कुणी नसताना.

ती परत आली तेव्हा मी सांगून टाकलं. कुंकू, नारळ, तांब्या, सगळं.

केतकी बोल्टकडे बघत राहिली. "तिन्ही दसऱ्यांना?"

"तिन्ही."

तिने वही उघडली आणि तेही लिहिलं.

समीरला फोन मीच लावला. "अरे, तुझ्या बायकोच्या हातात काही दोष नाही. दोष तुझ्या आईच्या तांब्यात होता. आता तिला जे म्हणायचं ते नीट शब्दांत म्हण." फोन केतकीकडे दिला आणि मी गौतमच्या दुकानातल्या बॅटऱ्या मोजत उभी राहिले. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. केतकीने शेवटी "ठेवते" म्हटलं ते मात्र हसून म्हटलं.

पुढचा प्रवास सरळ झाला. लोधिवलीपाशी मी तिला थांबायला सांगितलं. माझ्या आठवणीतलं झाड नव्हतं, तिथे आता गाळे होते. तिथेच उभी राहून मी तिला जीपची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही, बोललीही नाही, फक्त गाडी सुरू केली. हेही असेच गप्प झाले होते. मी मनाशी म्हटलं, चला, आता आणखी अडतीस वर्षं.

रसायनीला पाताळगंगा ओलांडली. हवेत आंबूस, थोडा औषधी वास. केतकीने काच खाली करून श्वास घेतला आणि कुठल्या तरी रसायनाचं नाव सांगितलं, जणू ओळखीचं माणूस भेटलं. कारखान्याच्या फाटकासमोर तिने गाडी पूर्ण वळवली, एसी लावून, एका हाताने. मग परत एकदा वळवली. पहारेकऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडावहून निघालो. मालू ताम्हन, कुंकू आणि पाण्याचा तांब्या घेऊन गाडीपुढे आली. "वहिनी, बॉनेट उघडायला सांग गं. तू म्हणतेस ना, आतलं पूजावं?"

हेही माझ्याकडूनच इथवर पोचलं होतं तर.

"तांब्या ठेव आधी खाली," मी म्हणाले. "आणि कुंकू गाडीला नको. चालवणारीला लाव."

मालूने केतकीला कुंकू लावलं, मला लावलं, दोघींच्या हातावर दही घातलं. हे गेल्यावरही मी टिकली लावणं सोडलं नाही, टिकल्यांचं पाकीट पर्समध्ये असतंच. बायका आधी कुजबुजल्या, मग थकल्या. जे चुकतं ते झाकायचा माझा हात जुनाच आहे, वयाने तो फक्त सरावला. तरुणपणी निदान दिवा झाकत होते. म्हातारपणी दिवा पेटवणारीही मीच निघाले. चोवीस वर्षांच्या त्या बाईला हसायचा माझा हक्क आता बराच कमी झाला आहे.

मी पुढे बसले. केतकीने पट्टा लावला, आरसा नीट केला, गाडी सुरू केली आणि सगळे दिवे लागून विझेपर्यंत थांबली. मग समोरच बघत, डावा हात माझ्यापुढे पसरून म्हणाली, "आई, ते टिकल्यांचं पाकीट इकडे द्या. कसारा चढून वर गेलो की परत देते."